ग्रिझलीच्या मुलखात एल्कची शिकार: पहिल्यांदा निघालेल्यांसाठी

अमेरिकेतल्या मोंटाना-वायोमिंगच्या डोंगरात पहिल्यांदा शिकारीला निघालेला जो तो मला एकच विचारतो: अस्वल समोर आलं तर काय करायचं? त्याचं उत्तर पुढे देतोच. पण त्याआधी तुम्ही स्वतःला एक वेगळा प्रश्न विचारायला हवा. एल्क, म्हणजे इथलं सांबरासारखं मोठं हरीण, पडला तर ते तीनशे किलोचं धूड मी तिथून किती वेळात, कुठल्या वाटेनं आणि कोणाच्या मदतीनं हलवणार? याचं उत्तर तयार नसेल तर बंदुकीच्या घोड्यावर बोट ठेवू नका. ग्रिझलीपासूनची, म्हणजे इथल्या मोठ्या तपकिरी अस्वलापासूनची, निम्मीअधिक सुरक्षितता या एका उत्तरात आहे.

मी मोंटानातल्या बोझमनजवळ राहतो आणि दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात एल्कच्या मागे डोंगर चढतो. अलीकडे सिएटल, डेन्व्हरकडची मराठी मंडळीही परवाने काढून इकडे येऊ लागली आहेत. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे आपल्याला यातलं काही घरातून मिळालेलं नसतं. इथलं पोर आजोबांच्या मागे चालता चालता जे शिकतं, ते आपल्याला वयाच्या पस्तिशीत मुद्दाम बसून शिकावं लागतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी मुलूख समजून घ्या

अलास्का सोडलं तर अमेरिकेत आज साधारण दोन हजार ग्रिझली उरल्या आहेत. त्यातल्या बहुतेक दोन ठिकाणी आहेत. एक म्हणजे यलोस्टोन आणि त्याच्या भोवतालचे डोंगर, दुसरा म्हणजे ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान ते बॉब मार्शल अरण्य हा उत्तर मोंटानातला पट्टा. दोन्हीकडे हजाराच्या आसपास अस्वलं आहेत. मोंटाना, आयडाहो आणि वॉशिंग्टनच्या उत्तर टोकाला कॅबिनेट-याक आणि सेलकर्क डोंगरांत थोडी आहेत. १९७५ साली कायद्याचं संरक्षण मिळालं तेव्हा संख्या याहून फार कमी होती. तेव्हापासून अस्वलं वाढली आणि पसरलीही. रॉकी पर्वताच्या पूर्वेला, गव्हाच्या शेतांच्या कडेनं वाहणाऱ्या ओढ्यांतसुद्धा ती आता दिसतात. त्यामुळे ‘या खोऱ्यात ग्रिझली नसते’ असं कोणी वीस वर्षांपूर्वीच्या अनुभवावरून सांगितलं तर ते खरं धरू नका. पश्चिम मोंटाना किंवा वायव्य वायोमिंगात असाल तर अस्वल आहेच असं समजून चाला.

यलोस्टोन आणि ग्लेशियर या राष्ट्रीय उद्यानांत शिकारीला बंदी आहे, शिकार चालते ती भोवतालच्या राष्ट्रीय वनांत. ग्रँड टेटन उद्यानात मात्र एल्कची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी मर्यादित शिकार होते आणि तिथं प्रत्येक शिकाऱ्याजवळ बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा) असणं सक्तीचं आहे. माझ्या मते हा नियम सगळीकडे हवा.

ग्रिझली आणि काळं अस्वल यांत फरक करायला शिका. रंगावर जाऊ नका. काळं अस्वल तपकिरी, अगदी पिवळसरसुद्धा असतं आणि ग्रिझली गडद काळपट असू शकते. खांद्यावरचा उंचवटा पाहा, तो ग्रिझलीला असतो. तिचा चेहरा कपाळाखाली बशीसारखा आत गेलेला, कान आखूड आणि गोल. काळ्या अस्वलाचं नाक बाजूनं सरळ दिसतं आणि कान उंच वाटतात. चिखलात पुढच्या पंजाचा ठसा मिळाला तर बोटांची रांग बघा. ग्रिझलीची बोटं जवळजवळ एका सरळ रेषेत असतात आणि नखांच्या खुणा बोटांपासून लांब पुढे उमटतात. काळ्या अस्वलाच्या शिकारीचा परवाना घेणाऱ्यांसाठी ही ओळख फार महत्त्वाची, कारण ग्रिझली मारणं गुन्हा आहे. स्वसंरक्षणार्थ मारावी लागली तरी ताबडतोब कळवावं लागतं आणि चौकशी होते.

कागदपत्रं

यावर फार वेळ घालवत नाही, पण तीन गोष्टी आधी तपासा. मोंटानात १ जानेवारी १९८५ नंतर जन्मलेल्यांना शिकार-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय परवाना मिळत नाही. वायोमिंगात ही जन्मतारीख १ जानेवारी १९६६ पासून पुढची आहे. दुसरं, तुम्ही वायोमिंगचे रहिवासी नसाल तर तिथल्या घोषित ‘विल्डरनेस’ क्षेत्रात मोठ्या जनावरांच्या शिकारीला परवानाधारक गाइड किंवा त्यासाठीचा मोफत परवाना काढलेला स्थानिक रहिवासी सोबत लागतो. तिसरी गोष्ट खास आपल्यातल्या पुष्कळांसाठी: एच-१बी सारख्या व्हिसावर असणाऱ्यांना अमेरिकेत बंदूक बाळगायला एरवी मनाई आहे. वैध शिकार परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. मित्राची रायफल हातात घेण्याआधी हा मुद्दा जाणकार वकिलाकडून नीट समजून घ्या.

शिकारी जे करतो ते सगळं उलटं असतं

पायी भटकणाऱ्यांना इथं सांगतात: गटानं जा, मोठ्यानं बोला, भर दुपारी चाला, अस्वलाला तुमची चाहूल लागू द्या. आणि आपण शिकारी काय करतो? अंधारात निघतो. अंगाला रानाच्या रंगाचे कपडे. वारा तोंडावर घेऊन चालतो, म्हणजे आपला वास पुढच्या कोणालाच लागत नाही. पाऊल वाजू देत नाही. त्यावर धनुष्यबाणाच्या हंगामात मादी एल्कचा आवाज काढतो, नराची शीळ घालतो. अस्वलाच्या कानाला तो जेवणाचा आवाज आहे. मग आपण जनावर मारतो आणि त्याच्या रक्तात कोपरापर्यंत हात घालून गुडघ्यांवर बसतो.

यात काळही असा की अस्वलाला भुकेशिवाय दुसरं काही सुचत नाही. हिवाळी झोपेआधीच्या या आठवड्यांत ग्रिझली दिवसाचे जवळजवळ वीस तास खात असते आणि वीस हजार कॅलरींपर्यंत पोटात ढकलते. यलोस्टोनच्या बाजूला व्हाइटबार्क पाइनच्या बिया हे तिचं आवडतं खाणं. खारींनी साठवलेली शंकूंची बेगमी उकरून ती त्या खाते. पण ही झाडं रोगानं आणि खोडकिड्यांनी मोठ्या प्रमाणावर मेली आहेत. मग उरतं मांस. शिकाऱ्यांनी मागे टाकलेली आतडी दर वर्षी याच दिवसांत मिळतात, हे अस्वलांना पक्कं ठाऊक झालेलं आहे. गोळीचा आवाज ऐकून ग्रिझली त्या दिशेनं येते असं इथले जुने शिकारी सांगतात. आवाजानं येते की वासानं, यावर वाद घाला हवं तर. ती येते, एवढं धरून चाला.

बर्फ पडला म्हणजे अस्वलं झोपली, हा समज काढून टाका. गाभण माद्या आधी गुहेत शिरतात, मोठे नर सगळ्यात शेवटी, बरेचसे डिसेंबरात. मोंटानाचा रायफलचा हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीपासून थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारपर्यंत चालतो. म्हणजे तुमच्या सबंध हंगामात जंगलात कोणी ना कोणी जागं आहे.

बेअर स्प्रे: कुठला घ्यायचा, कुठे बांधायचा

बेअर स्प्रे म्हणजे मिरचीच. मिरचीचा झणका ज्या कॅप्सेसिनमुळे येतो, तेच तेलात मुरवून दाबाखाली डब्यात भरलेलं असतं. फोडणीत मिरची जळल्यावर घरभर जो ठसका उठतो, त्याच्या कितीतरी पट. अस्वलाचे डोळे, नाक, घसा एका झटक्यात बंद होतात, आणि काही वेळानं ते बरंही होतं.

डब्यावर ‘बेअर स्प्रे’ असं स्पष्ट लिहिलेलं आणि अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा नोंदणी क्रमांक असलेला घ्या. माणसांपासून बचावासाठी पर्समध्ये ठेवायचा छोटा पेपर स्प्रे इथं चालत नाही. किमान ७.९ औंस म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमचा डबा, निदान पंचवीस-तीस फूट जाणारा आणि सहा सेकंद तरी चालणारा फवारा हवा. मुदतीची तारीख बघा, साधारण चार वर्षांची असते. विमानात तो हातातल्या सामानातही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही, तेव्हा इथं उतरल्यावरच विकत घ्या. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, फुटतो. कडाक्याच्या थंडीत डब्यातला दाब कमी होतो, म्हणून नोव्हेंबरात तो जॅकेटच्या आतल्या बाजूला उबेत ठेवावा, पण असा की एका हातानं ओढता येईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्प्रे अंगावर हवा, पाठीवरच्या पिशवीत नको. ग्रिझली ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास वेगानं धावते. म्हणजे पन्नास मीटर पार करायला तिला तीन-साडेतीन सेकंद पुरतात. तेवढ्या वेळात पिशवीची चेन उघडणंसुद्धा होत नाही. छातीवर दुर्बिणीचा पट्टा असतो, त्याच्या बाजूला किंवा कमरेला घट्ट हॉल्स्टरमध्ये बांधा. पिशवीचा कमरपट्टा त्यावर येत नाही ना, हे घरीच सगळं सामान चढवून पाहा. माझ्याकडून पहिल्या वर्षी हीच चूक झाली. डबा कमरेला होता, पण पिशवीच्या पट्ट्याखाली असा अडकला होता की दोन्ही हात लावल्याशिवाय निघेना. दिवसभर मी तसाच फिरलो. संध्याकाळी गाडीपाशी पिशवी उतरवताना ते लक्षात आलं आणि पोटात गोळा आला.

सरावासाठी मिरची नसलेले डबे मिळतात. घराच्या मागच्या अंगणात धनुष्य किंवा रायफल हातात धरून उभे राहा आणि दुसऱ्या हातानं डबा काढून, अंगठ्यानं सेफ्टी क्लिप उडवून फवारा मारा. उजव्या हातानं वीस वेळा, डाव्या हातानं वीस वेळा. खाली बसून करा, पाठीवर पडून करा. हे हास्यास्पद वाटेल, पण जो हल्ला होतो तो बहुधा तुम्ही वाकलेले किंवा बसलेले असतानाच होतो.

एक गैरसमज जाता जाता दूर करतो. बेअर स्प्रे डासांच्या मलमासारखा तंबूवर, कपड्यांवर किंवा मांसावर आधीच मारून ठेवायचा नसतो. वाळलेल्या फवाऱ्याचा वास अस्वलाला उलट ओढून आणतो.

रायफल हातात असताना स्प्रे कशाला, असं प्रत्येक नवा शिकारी विचारतो. अलास्कातल्या १९८५ ते २००६ या काळातल्या घटनांचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात तपकिरी अस्वलांवर, म्हणजे ग्रिझलीच्याच जातीवर, स्प्रे वापरला तेव्हा ९२ टक्के वेळा अस्वलाची चाल थांबली, आणि स्प्रे बाळगणाऱ्या ९८ टक्के माणसांना काहीही इजा झाली नाही. बंदुकीची अडचण अशी की झुडपांतून उसळत येणाऱ्या अस्वलाच्या नेमक्या जागी, तीन सेकंदांत, थरथरत्या हातांनी गोळी बसवावी लागते. चुकली तर जखमी ग्रिझली अंगावर. सप्टेंबर २०११ मध्ये मोंटाना-आयडाहो सीमेवर दोघा मित्रांनी काळं अस्वल समजून ग्रिझलीवर गोळी झाडली आणि जखमी जनावराच्या मागावर दाट झाडीत शिरले. तिनं एकाला धरलं, दुसऱ्यानं वाचवायला गोळ्या झाडल्या आणि त्यातलीच एक गोळी मित्राला लागून तो गेला. मित्राच्या अंगावर बसलेल्या अस्वलावर तुम्ही मिरची मारू शकता. ती मित्रालाही लागेल, डोळे चुरचुरतील, पण तो जिवंत राहील. पिस्तूल बाळगायला माझी ना नाही, मीही बाळगतो. पण हात आधी स्प्रेकडे जायला हवा.

घोडा ओढण्याआधी

एकटे जाऊ नका. दोघं बरे, तिघं त्याहून बरे. तिसरा माणूस मांस वाहायला आणि राखणीला लागतोच. सॅटेलाइट मेसेंजर सोबत घ्या, कारण या दऱ्यांत फोन लागत नाही. रक्त थांबवायचं टूर्निके आणि पट्ट्या पिशवीच्या तळाशी नकोत, वरच्या खणात ठेवा.

चालताना खुणा वाचा. ताजी विष्ठा, उलटवलेले दगड, चिरफाळलेले ओंडके, खारींचे उकरलेले साठे दिसले तर सावध व्हा. कावळे आणि मॅगपाय एका जागी घिरट्या घालत ओरडत असतील तर तिथं मेलेलं जनावर आहे. माती, गवत, फांद्या ओढून केलेला ढिगारा दिसला आणि सडका वास आला, तर ते ग्रिझलीनं झाकून ठेवलेलं जेवण आहे आणि मालक जवळच झोपलेला आहे. कुतूहल म्हणून एक पाऊलही पुढे टाकू नका. आल्या वाटेनं परत फिरा.

एल्कचा आवाज काढणार असाल तर मोठ्या झाडाला किंवा खडकाला पाठ टेकून, समोर मोकळं दिसेल असं बसा. आवाज काढणारा एक जण मागे आणि बाण मारणारा पुढे, अशी जोडी असते. दोघांकडेही स्प्रे हवा. अस्वल येतं ते आवाजाकडे, म्हणजे मागच्या माणसाकडे.

आणि आता एल्क हलवण्याचा तो सुरुवातीचा प्रश्न. समोर सुंदर नर उभा आहे, नेम बसला आहे. घड्याळ बघा. अंधार पडायला तीन तास तरी आहेत का? ही जागा गाडीपासून किती लांब आहे? खाली दाट झुडपाचा ओढा आहे की मोकळा उतार? मी संध्याकाळचे नेम सोडून देतो. पहिल्या वर्षी हे फार जड गेलं, परवाना तसाच राहिला, जवळच्या लोकांनी टोमणेही मारले. पण संध्याकाळी मारलेला एल्क म्हणजे रात्रभर जंगलात सोडलेलं मांस, आणि ते मांस सकाळी कोणाचं असेल ते तुम्ही ठरवत नाही.

एल्क पडल्यावर

या भागावर थांबून वाचा. माझ्या ओळखीच्या शिकाऱ्यांनी ग्रिझलीबद्दल ज्या ज्या गोष्टी सांगितल्या, त्या बहुतेक पडलेल्या एल्कपाशी घडलेल्या आहेत.

सप्टेंबर २०१८ मध्ये वायोमिंगच्या टेटन अरण्यात एक गाइड आणि त्याचं गिऱ्हाईक आदल्या दिवशी बाण लागलेल्या एल्कपाशी परत गेले होते. मांस कापत असताना मादी ग्रिझली आली. पिस्तूल अंगावर नव्हतं, थोड्या अंतरावर सामानापाशी ठेवलेलं होतं. गिऱ्हाईक जखमी होऊन वाचला, गाइड वाचला नाही. तो अनुभवी माणूस होता. काम करताना अवजड वस्तू अंगावरून काढून बाजूला ठेवणं किती स्वाभाविक आहे, हे ज्यानं एल्क सोलला आहे त्याला कळेल. म्हणून नियम असा: जॅकेट काढा, पिशवी काढा, टोपी काढा, स्प्रे मात्र अंगावरून काढायचा नाही.

जनावर पडल्यावर धावत जाऊ नका. थांबा, दुर्बिणीनं सभोवार बघा, मग मोठ्यानं बोलत जा. आता लपायचं कारण उरलेलं नाही. जाताना परतीची वाट मनात पक्की करा.

एल्क झुडपात किंवा खोलगट जागी पडला असेल आणि तो हलवणं शक्य असेल, तर मोकळ्या जागी ओढा. पूर्ण नर ओढणं दोघांना जमत नाही, पण उताराची दिशा असेल तर थोडं सरकवता येतं. नाही जमलं तर भोवतालच्या फांद्या तोडून निदान तीस-चाळीस पावलांपर्यंत नजर जाईल असं करा.

मग कामाची वाटणी. एक जण कापतो, दुसरा उभा राहतो. उभा राहणाऱ्यानं मदत करायची नाही, पाय धरायचा नाही, फोटो काढायचे नाहीत. त्याची पाठ एल्ककडे, तोंड बाहेर, स्प्रेवर हात. वारा कुठून कुठे वाहतो आहे हे तो सतत बघतो, कारण वास जिकडे जातो तिकडूनच अस्वल येतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोघांनी जागा बदलावी. अधूनमधून मोठ्यानं आवाज द्यावा. तिघं असाल तर दोघांनी कापायचं, एकानं पहारा.

कापायची पद्धतही वेळ वाचवणारी निवडा. पोट न फाडता, एका बाजूचं कातडं सोलून पुढचा फरा, मागची तंगडी, पाठीचं आणि मानेचं मांस काढायचं, मग जनावर पालथं करून दुसरी बाजू. आतडी बाहेर काढावी लागत नाहीत, हात कमी बरबटतात आणि सरावानं दीड-दोन तासांत काम उरकतं. बरगड्यांच्या मागून हात घालून आतलं मऊ मांसही काढता येतं. हे पहिल्यांदा जंगलात करू नका. कोणा जाणत्याबरोबर, नाहीतर निदान शेजाऱ्यानं मारलेल्या हरणावर, हात बसवून घ्या. खाण्याजोगं मांस जंगलात टाकून येणं इथं गुन्हा आहे, तेव्हा घाई झाली म्हणून अर्धं सोडून पळायची सोय नाही.

मांस कापडी पिशव्यांत भरलं की ते आतड्यांपासून आणि सांगाड्यापासून लगेच दूर न्या. शंभर-दीडशे मीटर तरी, वारा जिकडून येतो त्या बाजूला आणि अशा जागी की परत येताना ते लांबून दुर्बिणीनं दिसावं. हे शेवटचं फार कामाचं आहे. हाडांसकट वाहिलं तर दोघांना प्रत्येकी तीन खेपा पडतात, म्हणजे तुम्ही या जागी पुन्हा पुन्हा येणार. झाड मिळालं तर दोरानं मांस जमिनीपासून दहा फूट उंच आणि खोडापासून चार फूट दूर टांगा. झाड नसेल तर मोकळ्या माळावरच्या दगडावर ठेवा, झुडपाच्या आडोशाला नको. वर एखादा घामेजलेला शर्ट टाकून ठेवतात. अस्वल त्यानं थांबेल असं मी म्हणणार नाही, पण शर्ट हलला असेल तर मला लांबून कळतं.

परत येताना दोनशे मीटरवर थांबा. उंच जागेवरून दुर्बीण लावा. पिशव्या ठेवल्या तशाच आहेत का? त्यांची जागा बदलली आहे का, माती उकरलेली दिसते का, कावळे एकदम उडाले का? ओरडा, टाळ्या वाजवा आणि पाच मिनिटं थांबा. मांसावर अस्वल असेल, किंवा मांस मातीखाली गेलं असेल, तर ते आता तुमचं नाही. हाकलायला जाऊ नका, हवेत गोळ्या झाडू नका. खाली उतरा आणि मोंटानात असाल तर फिश, वाइल्डलाइफ अँड पार्क्स विभागाला, वायोमिंगात गेम अँड फिश विभागाला कळवा. पुढे परवान्याचं काय करायचं ते त्यांचे अधिकारी सांगतील. वर्षभराची मेहनत, हजारो डॉलर आणि एवढं मांस सोडून फिरणं जिवावर येतं, हे मला माहीत आहे. तरीही फिरा.

तळावर

झोपायची जागा, स्वयंपाकाची जागा आणि मांस टांगायची जागा एकमेकांपासून शंभर यार्डांवर, म्हणजे साधारण नव्वद मीटर अंतरावर ठेवा. राष्ट्रीय वनांतल्या ग्रिझलीच्या भागांत अन्न अस्वलाला मिळणार नाही असं ठेवायचा आदेशच असतो. दहा फूट उंच, चार फूट दूर, नाहीतर प्रमाणित अस्वलरोधक पेटीत किंवा बंद गाडीत. या पेट्यांची परीक्षा वेस्ट यलोस्टोनच्या ग्रिझली अँड वुल्फ डिस्कव्हरी सेंटरमध्ये खऱ्या ग्रिझलींकडून घेतली जाते. आत खाणं ठेवून पेटी अस्वलांच्या हवाली करतात आणि तासभर ती टिकते का बघतात. एकदा बघून या. अस्वलाच्या ताकदीचा अंदाज पुस्तकातून येत नाही.

अन्न म्हणजे फक्त जेवण असं समजू नका. तुपाची डबी, लोणचं, बेसनाचे लाडू, टूथपेस्ट, लिप बाम, घोड्यांचं खाद्य, रक्त लागलेली पँट, सगळं त्यात येतं. कापाकापीचे कपडे घालून तंबूत झोपू नका. अनेक दिवसांचा तळ असेल तर बॅटरीवर चालणारं हलकं विजेचं कुंपण मिळतं, ते तंबूभोवती किंवा मांसाभोवती लावावं. एकदा झटका बसलेलं अस्वल त्या तारेपाशी सहसा परत येत नाही. रात्री स्प्रे आणि दिवा उशाशी, बुटात ठेवला की अंधारातही सापडतो.

अस्वल समोर आलंच तर

लांबवर असेल आणि त्यानं तुम्हाला पाहिलं नसेल, तर गुपचूप मागे फिरून मोठा वळसा घ्या. पाहिलं असेल तर थांबा, स्प्रे हातात घ्या, क्लिप काढा. हळू, खालच्या आवाजात बोला आणि तोंड त्याच्याकडेच ठेवून तिरकं मागे सरका. पळू नका, कधीही. पळणारी वस्तू त्याच्या दृष्टीनं भक्ष्य असते. मागच्या पायांवर उभं राहिलं तर घाबरू नका, ते वास घेत असतं. जबडा वाजवणं, हुंकार, जमिनीवर पंजे आपटणं म्हणजे ‘फार जवळ आलास’ एवढाच अर्थ.

धावून आलं तर जागा सोडू नका. पुष्कळ चढाया हुलकावणीच्या असतात, पण कुठली खरी हे तुम्हाला शेवटच्या क्षणापर्यंत कळणार नाही. साठ ते तीस फुटांच्या टप्प्यात आलं की त्याच्या पायांच्या थोडं पुढे, खालच्या बाजूला नेम धरून दोन सेकंद फवारा. ढग त्याच्या आणि तुमच्या मध्ये उभा राहायला हवा. तरी येत राहिलं तर थेट तोंडावर. वारा उलटा असला तरीही फवारा, नंतर खोकत बसता येईल. ते वळलं की तिथं रेंगाळू नका, निघा.

शाळेत सगळ्यांनी ती दोन मित्रांची आणि अस्वलाची गोष्ट ऐकली आहे. एक झाडावर चढतो, दुसरा मेल्याचं सोंग घेतो. झाडावर भरवसा ठेवू नका, ग्रिझलीला बऱ्याच झाडांवर चढता येतं आणि तुम्हाला तेवढा वेळही मिळत नाही. मेल्याचं सोंग मात्र खरंच कामाचं आहे, फक्त त्याची वेळ चुकवू नका. अस्वल अंगाला भिडेपर्यंत उभं राहायचं आणि स्प्रे मारत राहायचं. भिडलं की पालथं पडा, पोट जमिनीला, पाठीवर पिशवी तशीच, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफलेली, कोपरं चेहऱ्याच्या बाजूंना, पाय फाकवलेले म्हणजे ते सहज उलटवू शकणार नाही. उलटवलंच तर गोल फिरून पुन्हा पालथे व्हा. पिल्लांची आई किंवा मांस राखणारं अस्वल धोका संपला असं वाटलं की थांबतं. ते गेल्यावरही कित्येक मिनिटं हलू नका.

दोन प्रसंगी सोंग चालत नाही. अस्वल शांतपणे, कान टवकारून तुमचा माग काढत आलं असेल किंवा रात्री तंबूत शिरलं असेल, तर ते खायलाच आलेलं आहे. तेव्हा दगड, काठी, सुरी, मुठी, हाताला येईल त्यानं नाकावर आणि डोळ्यांवर मारत सुटा. हल्ला लांबतच चालला, थांबेना, तरी तेच. आणि काळ्या अस्वलानं अंगावर हात टाकला तर पहिल्यापासूनच लढायचं.

गाडीपाशी पोचल्यावर

मांस पिकअपच्या उघड्या मागच्या भागात रात्रभर ठेवून मोटेलात झोपू नका. गार्डिनर, कूक सिटी, कोडीच्या पश्चिमेची वस्ती, या गावांच्या कडेनंही ग्रिझली फिरतात. मोठ्या बर्फपेट्या घेऊन या आणि त्या गाडीच्या आत बंद करा. ताडपत्री, दोर आणि पिशव्या घरी गेल्यावर गरम पाण्यानं धुऊन उन्हात वाळवा, नाहीतर पुढच्या वर्षी पहिल्या रात्रीच तो जुना वास तंबूत येतो.

ग्रिझली दिसली, ताज्या खुणा मिळाल्या, सांगाड्यावर येऊन गेली, तर पायवाटेच्या सुरुवातीला भेटणाऱ्या पुढच्या शिकाऱ्याला सांगा आणि विभागाच्या कार्यालयातही नोंदवा. तुमच्या एल्कचा सांगाडा कुठे आहे हे नकाशावर दाखवा, कारण पुढचे काही दिवस त्या भोवती अस्वल असणार आहे आणि उद्या पहाटे तिकडूनच कोणीतरी वर चढेल. स्प्रे थोडासा जरी वापरला असेल तरी तो डबा आता भरवशाचा नाही, दुसऱ्या दिवशी निघण्याआधी नवा घ्या. मुदत संपलेले डबे मी फेकत नाही. मे महिन्यात अंगणात वाऱ्याकडे पाठ करून मुलांना दूर उभं करतो आणि ते फवारून बघतो. तीस फूट नेमकं किती असतं, हे डोळ्यांना त्याशिवाय कळत नाही.